प्रथिनांची घडी, बिनघडीची प्रथिनं आणि नाशिकहून निघणारी संशोधनाची वाट

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं पहिलं वर्ष चालू आहे. प्रोटीन फोल्डिंग (प्रथिनाची साखळी घडीत येणं) आणि डिसऑर्डर्ड, म्हणजे ठरावीक घडी नसलेली, प्रोटीन यांवर संशोधन करून पुढे त्यातच प्राध्यापकी करायची इच्छा आहे. कॉलेजात सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे प्रथिनाची घडी प्रकाशानं तपासणारं यंत्र) वगैरे उपकरणं नाहीत, घरून बी.एड.चा आग्रह आहे, आणि 'अल्फाफोल्ड आल्यावर या विषयात आता उरलंय काय' असं कोणीतरी ऐकवलं आहे.

आधी अल्फाफोल्डचं, म्हणजे अनुक्रमावरून प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या संगणक प्रणालीचं, बघू, कारण ते चुकीचं समजलं की पुढची निवडही चुकते. २०२० च्या कॅस्प-१४ या रचना ओळखण्याच्या स्पर्धेत अल्फाफोल्ड-२ नं जे करून दाखवलं ते मोठंच होतं. डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते प्रथिनांच्या रचना संगणकावर घडवणं आणि ओळखणं याच कामासाठी. पण त्यानं सुटलेला प्रश्न एवढाच आहे की अमुक अनुक्रमाच्या प्रथिनाची स्थिर रचना कशी असेल. ते प्रथिन तिथवर कोणत्या वाटेनं आणि किती वेळात पोचतं, घडी घातलेली आणि उलगडलेली अवस्था यांच्यातल्या ऊर्जेत किती अंतर आहे, एक अमिनो आम्ल बदललं की ते अंतर किती घटतं, पेशीतल्या गर्दीत काही प्रथिनं गोळा होऊन का बसतात, यातलं काही त्या चित्रातून कळत नाही. बिनघडीच्या प्रथिनांबाबत तर मोठीच गंमत आहे. अल्फाफोल्ड प्रत्येक अमिनो आम्लाला पीएलडीडीटी नावाचा विश्वासाचा गुण देतं. तो ५० च्या खाली असला की तो भाग बहुधा अव्यवस्थित, असं धरतात आणि ते बऱ्याचदा बरोबर निघतं. पण पार्किन्सन्सशी जोडलेल्या अल्फा-सिन्युक्लीनसाठी त्याच डेटाबेसमध्ये एक लांबलचक हेलिक्स (मळसूत्रासारखी गुंडाळी) दिसते. पेशीपटलाला चिकटल्यावर त्या प्रथिनात हेलिक्स होते हे खरं, पण पाण्यात एकटं असताना ती नसते. चित्र पाहून हा फरक कळत नाही, तो प्रयोगानंच दाखवावा लागतो. तुमचं काम इथून पुढे आहे.

या क्षेत्रात माणूस टिकतो तो स्वच्छ प्रथिन स्वतः तयार करता येण्यावर आणि मोजलेल्या आकड्याची चूक स्वतः सांगता येण्यावर. सॉफ्टवेअर चार महिन्यांत शिकता येतं. प्रथिन हातात येणं आणि ते टिकवणं याला दीड-दोन वर्षं जातात, आणि बहुतेक रखडलेल्या पीएच.डी. तिथेच रखडलेल्या असतात. म्हणून एम.एस्सी.चं उरलेलं दीड वर्ष याच दोन गोष्टींवर लावा. कॉलेजात सीडी नाही म्हणून काही अडत नाही.

पहिला प्रयोग म्हणून कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचा डिनॅच्युरेशन कर्व्ह (रसायनाची मात्रा वाढवत प्रथिन कसं उलगडतं त्याचा आलेख) काढा. पावडर स्वस्त मिळते, प्रथिन १२९ अमिनो आम्लांचं, वजन १४.३ किलोडाल्टन, आणि त्यात ६ ट्रिप्टोफॅन आहेत, म्हणजे फ्लुओरेसन्स भरपूर. बरेच विद्यार्थी हाताशी असतं म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतात आणि त्यावर दोन-अवस्थांचं (प्रथिन एक तर घडीत नाहीतर पूर्ण उलगडलेलं, असं धरणारं) समीकरण बसवतात. बीएसएला तीन डोमेन आहेत. ते टप्प्याटप्प्यानं उलगडतं, त्यामुळे वक्र देखणा येतो आणि डेल्टा-जी, म्हणजे घडीची आणि उलगडलेली अवस्था यांतलं ऊर्जेचं अंतर, निरर्थक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लायसोझाइमला युरिया लावणं. उदासीन पीएचला आणि खोलीच्या तापमानाला ते युरियात पुरतं उलगडत नाही, वरची बेसलाइनच (वक्राच्या टोकाचा जवळपास सपाट भाग) मिळत नाही. गुआनिडीन हायड्रोक्लोराइड घ्या. त्यात अर्धं प्रथिन उलगडण्याचा बिंदू सुमारे ४ मोलरला येतो.

८ मोलर गुआनिडीनचा २५ मिली साठा करायला १९.१ ग्रॅम लागतात. इथेच पहिली फसगत होते. १९ ग्रॅम पावडर २५ मिली बफरमध्ये टाकली तर द्रावण जवळपास ४० मिली होतं आणि तुमच्याकडे ८ ऐवजी ५ मोलरच्या आसपासचा साठा राहतो. बीकरमध्ये आधी ९ मिलीच बफर घ्या, पावडर थोडी थोडी घालत हलक्या उबेवर विरघळवा, सगळं विरघळल्यावर पीएच ७ ला आणा, मग २५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. बफर २० मिलीमोलर फॉस्फेट पुरे. २४ नळ्या लावा, ० पासून ७ मोलरच्या थोड्या पुढपर्यंत, प्रत्येकी १ मिली, साधारण ०.३ मोलरच्या पायऱ्यांनी, ३.५ ते ५ च्या दरम्यान पायऱ्या आणखी जवळ ठेवा. प्रथिन प्रत्येक नळीत सारखंच, ५ मायक्रोमोलर, म्हणजे ०.०७ मिलिग्रॅम प्रति मिली. एकूण दोन मिलिग्रॅमही लागत नाही. नळ्या २५ अंशांना रात्रभर ठेवा. त्याच दिवशी मोजलं तर मधल्या नळ्या समतोलाला पोचलेल्या नसतात आणि वक्र उजवीकडे सरकतो.

वाचन घेताना २९५ नॅनोमीटरला उत्तेजित करा, ३१० ते ४०० पर्यंत उत्सर्जन घ्या. २८० ला उत्तेजित केलं तर टायरोसिनही पेटतं आणि ५ मायक्रोमोलर लायसोझाइमचं २८० चं शोषण ०.१९ च्या घरात जातं. फ्लुओरेसन्ससाठी ते ०.१ च्या आत असलेलं बरं, नाहीतर इनर फिल्टरमुळे, म्हणजे द्रावण स्वतःच प्रकाश अडवतं त्यामुळे, तीव्रता खोटी कमी दिसते. फक्त गुआनिडीन असलेल्या नळीचं वाचन वजा करा. वक्र काढताना एका ठरावीक तरंगलांबीची तीव्रता वापरा. शिखराची तरंगलांबी सरकते ते दिसायला छान असतं, पण ती उलगडलेल्या रेणूंच्या प्रमाणात सरळ बदलत नाही. जी अवस्था जास्त चमकते तिच्याकडे शिखर झुकतं. छापलेल्या शोधनिबंधांतही ही चूक सापडते. मग सहा घटकांचं समीकरण बसवा: घडीच्या बेसलाइनची उंची आणि उतार, उलगडलेल्या बेसलाइनची उंची आणि उतार, पाण्यातला डेल्टा-जी आणि एम-मूल्य (गुआनिडीन वाढताना डेल्टा-जी किती वेगानं घटतो ते). दोन्ही बेसलाइनवर किमान चार-पाच बिंदू नसतील तर संगणक आकडा देईल, पण त्यावर विसंबता येणार नाही. २५ अंशांना आरटी (वायू स्थिरांक गुणिले तापमान) म्हणजे २.४८ किलोज्यूल प्रति मोल हे तोंडपाठ असू द्या. लहान प्रथिनांचा डेल्टा-जी साधारण २० ते ६० किलोज्यूल प्रति मोल असतो. तुमचा आकडा १५० आला तर प्रथिन थोर नाही, फिटिंग बिघडलंय.

वक्र एका दिशेनं काढून थांबू नका. ७ मोलरमध्ये रात्रभर उलगडलेलं प्रथिन पातळ करत खाली आणा आणि तोच वक्र परत काढा. दोन्ही एकमेकांवर बसले तरच डेल्टा-जी हा शब्द वापरायचा अधिकार मिळतो, कारण उलटता न येणाऱ्या बदलाला समतोलाचं गणित लागू नाही. फ्लुओरोमीटर विभागात नसेल तर साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रायबोन्यूक्लिएज-ए घ्या. त्यात ट्रिप्टोफॅन एकही नाही, ६ टायरोसिन आहेत, आणि उलगडताना २८७ नॅनोमीटरचं शोषण घटतं. फरक लहान असतो, म्हणून प्रथिन ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली तरी लागेल.

साठ्याची तीव्रता तोललेल्या वजनावरून गृहीत धरू नका, अपवर्तनांकावरून मोजा. पावडर ओलावा धरते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ब्रिक्स पाहायला जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात तो तत्त्वानं हेच मोजतो, आणि घरी बाग असेल तर तो आणायचा मोह होईल. ० ते ३२ ब्रिक्सच्या पट्टीत तो युरियासाठी सुमारे ६ मोलरपर्यंत आणि गुआनिडीनसाठी जेमतेम ३ मोलरपर्यंतच पोचतो. त्यापुढे अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर लागतो, जो बहुतेक फिजिक्स किंवा केमिस्ट्री विभागात कपाटात पडलेला असतो. पुढे युरिया वापराल तेव्हा एक पक्कं लक्षात ठेवा: युरियाच्या पाण्यात हळूहळू सायनेट तयार होतं आणि ते प्रथिनाच्या अमाइन गटांना चिकटतं. द्रावण रोज ताजं करा आणि विरघळवताना तापवू नका. युरिया विरघळताना भांडं गार पडतं, तेव्हा घाईनं हॉटप्लेटवर ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

डिझर्टेशनसाठी नाशिकलाच मिळू शकणारा एक विषय सुचवतो. पांढऱ्या वाइनमध्ये बाटलीत गेल्यावर कधी कधी धूसरपणा येतो, तो द्राक्षातल्या प्रथिनांमुळे. मुख्य दोन: कायटिनेज आणि थॉमॅटिनसदृश प्रथिनं. कायटिनेज ५५ अंशांच्या आसपास उलगडतं आणि परत घडीत येत नाही. थॉमॅटिनसदृश प्रथिनं ६१-६२ अंशांपर्यंत टिकतात आणि थंड झाल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. वाइनचा पीएच ३ ते ३.५, त्या पीएचला ही प्रथिनं धनभारित, म्हणून ऋणभारित बेंटोनाइट माती त्यांना ओढून तळाशी नेते. वायनरीची नेहमीची चाचणी अशी: वाइन ०.४५ मायक्रॉनमधून गाळायची, ८० अंशांना दोन तास ठेवायची, थंड करायची आणि आधी-नंतरच्या गढूळपणातला फरक मोजायचा. फरक २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत असेल तर वाइन स्थिर समजतात. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ दोन्ही नाशिक परिसरात होतात. बेंटोनाइटचं प्रमाण लिटरला ० ते १ ग्रॅम ठेवून गढूळपणा आणि जेलवरच्या (प्रथिनं वजनानुसार वेगळी झालेल्या) पट्ट्या शेजारी शेजारी दाखवल्या, आणि ५०, ५५, ६०, ६५ अंशांना वेगवेगळं तापवून कोणती पट्टी आधी नाहीशी होते ते दाखवलं, तर उलगडणं आणि गोळा होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे तुमच्या हातानं सिद्ध होतं. मुलाखतीत असा प्रबंध 'इन सिलिको स्टडी ऑफ' ने सुरू होणाऱ्या कुठल्याही शीर्षकापेक्षा वजनदार ठरतो.

सीडीची गरज पडली तर पुण्या-मुंबईच्या संस्थांत सशुल्क वेळ मिळतो. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर कोणतं उपकरण कुठे आहे ते सापडतं. नमुना नेताना तो आधीच फॉस्फेट बफरमध्ये डायलाइज करून (सच्छिद्र पटलातून बफर बदलून) न्या. पीबीएसमध्ये (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) नेऊ नका. क्लोराइड २०० नॅनोमीटरच्या खाली इतकं शोषून घेतं की बिनघडीच्या प्रथिनाची मुख्य खूण, म्हणजे १९५ ते २०० च्या मधली खोल दरी, दिसतच नाही. डिटेक्टरचं व्होल्टेज ६००-७०० च्या वर गेलं की त्याखालचा आलेख टाकून द्यायचा, तो कितीही सुरेख दिसला तरी. १ मिलिमीटरची क्युव्हेट, ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिली प्रथिन, त्याच डायलिसिसचं बाहेरचं बफर ब्लँक म्हणून. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं पवईला, आयआयटी मुंबईत, जाणार असाल तर नमुना बर्फात न्या, फ्रीज करून नेऊ नका. गोठताना सोडियम फॉस्फेटचा पीएच घसरतो आणि काही प्रथिनं तिथेच गोळा होतात. आणि प्रथिनाची तीव्रता नेमकी मोजून न्या. ती दहा टक्के चुकली तर हेलिक्सचं प्रमाणही त्याच हिशेबानं चुकतं.

परीक्षांचं लवकर आटपतो. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा आणि त्यात भाग-सी एकटा १०० गुणांचा, चार-चार गुणांचे २५ प्रश्न, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाची कपात. भाग-सीत ७५ पैकी २५ निवडायचे असतात, म्हणून सगळा अभ्यासक्रम वरवर करण्यापेक्षा चार-पाच युनिटं खोल करणं फायद्याचं. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी पहिलं युनिट, म्हणजे रेणू आणि त्यांच्यातल्या आंतरक्रिया, कोरडं पाठ न करता गणितासकट करावं. त्याबरोबर गेट, डीबीटीची बीईटी आणि टीआयएफआर-एनसीबीएससाठीची जेजीबिल्स हे अर्ज भरा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. ती नाही मिळाली तर महाराष्ट्रात आणखी दारं आहेत, ज्यांची माहिती मुलांना उशिरा कळते: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअरची कागदपत्रं आत्ताच लावून ठेवा. नोंदणी झाल्यावर तहसीलमध्ये खेटे घालण्यात फेलोशिपची मुदत निघून जाते.

उन्हाळ्यासाठी विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी हे दोन अर्ज पहिल्याच वर्षी करा. संशोधकाला थेट मेल करणार असाल तर 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट' हे वाक्य गाळा. त्यांच्या गेल्या दोन वर्षांतल्या एका निबंधातला एक आलेख घ्या, त्यात तुम्हाला न समजलेली एक गोष्ट नेमकी विचारा, आणि खाली तुमच्या लायसोझाइमच्या वक्राचं चित्र फिटिंगसकट जोडा. शंभर जणांच्या मेलमध्ये असं चित्र जोडणारा क्वचितच असतो.

मुलाखतीत काय विचारतात याचा अंदाज हवा. अनफिन्सेनचा प्रयोग (उलगडलेलं प्रथिन आपोआप परत घडीत येतं हे दाखवणारा) सगळे सांगतात, पण त्यातलं मर्म थोडेच. रायबोन्यूक्लिएजमध्ये ८ सिस्टीन, त्यांच्या ४ जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, आणि युरियात असतानाच ऑक्सिडीकरण केलं तर जेमतेम १ टक्का क्रियाशीलता उरते. म्हणजे बरोबर जोड्या आधी लागत नाहीत, घडी त्या जोड्या निवडते. १०५ कुठून आले (७ गुणिले ५ गुणिले ३) हे फळ्यावर मांडायला सांगतात. लेव्हिन्थलचा विरोधाभास (शक्य घड्या अगणित, तरी प्रथिन चटकन घडीत कसं येतं), रामचंद्रन आलेखात (साखळीचे कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणाऱ्या) ग्लायसिन वेगळं का पसरतं आणि प्रोलिन वेगळं का आखडतं, तापमान वाढवल्यावर हायड्रोफोबिक परिणामाचं काय होतं, थंडीनंही प्रथिन का उलगडू शकतं, हे नेहमीचे. नाशिकच्या मुलांना हमखास फसवणारा एक प्रश्न सिकलसेलचा. सुरगाणा, पेठ या भागांमुळे तो आजार परिचयाचा असतो आणि 'मिसफोल्डिंगचा आजार सांगा' म्हटल्यावर तोच तोंडावर येतो. सिकल हिमोग्लोबिनची घडी व्यवस्थित असते. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्यानं ऑक्सिजन सोडलेले, नीट घडलेले रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनवतात. चुकीची घडी आणि बरोबर घडीच्या रेणूंची साखळी यांत फरक करता आला की समिती पुढे सरकते.

गाइड निवडताना संस्थेचं नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) किंवा संस्थेच्या ग्रंथालयात त्या प्रयोगशाळेचे शेवटचे चार-पाच प्रबंध उघडा. नोंदणी ते पदवी किती वर्षं लागली, पहिला निबंध कितव्या वर्षी आला, ते विद्यार्थी आज कुठे आहेत, एवढं पाहा. मग तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोनच प्रश्न विचारा: पहिलं शुद्ध प्रथिन किती महिन्यांत मिळालं आणि उणे ८० चा फ्रीझर वीज गेल्यावर किती वेळ टिकतो? यातून निधी, शिस्त आणि शिकवणारा सीनियर आहे की नाही, सगळं कळतं. देशात या विषयाची परंपरा चांगली आहे. रामचंद्रन आलेख १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून आला. बार्स्टार या ८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर जयंत उदगावकर यांच्या गटानं बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये घडीच्या वाटा वर्षानुवर्षं उकलल्या. अल्फा-सिन्युक्लीन आधी द्रव थेंबांत जमून त्या थेंबांतून जेल आणि तंतूंकडे कसं जातं हे आयआयटी मुंबईतल्या समीर माजी यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं. या कामांचे मूळ निबंध वाचा, आढावा लेख नंतर. नाशिकमध्येच पीएच.डी. करायची असेल तर शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांत पुणे विद्यापीठाची संशोधन केंद्रं आहेत, पण तिथे प्रथिन शुद्धीकरणाची यंत्रणा आणि पुण्या-मुंबईतला सहमार्गदर्शक दोन्ही असतील तरच हा विषय घ्या. नाहीतर पाच वर्षं उपकरणाच्या प्रतीक्षायादीत जातात.

आता बिनघडीची प्रथिनं. १९९९ मध्ये राइट आणि डायसन यांनी रचनेशिवायही प्रथिन काम करतं हे ठासून मांडलं, त्याच सुमाराला डंकर आणि उव्हर्स्की यांनी अनुक्रमावरून ती ओळखण्याचे मार्ग दिले. तेव्हापासून हा विषय वाढतोच आहे. पण ही प्रथिनं प्रयोगशाळेत सवयीचे सगळे ठोकताळे मोडतात, आणि नव्या विद्यार्थ्याला वाटतं आपलंच चुकलं. अल्फा-सिन्युक्लीनवरच सांगतो. १४० अमिनो आम्लं, वजन १४.५ किलोडाल्टन, पण एसडीएस जेलवर ते १८ च्या आसपास धावतं. साइझ एक्सक्लूजन (आकारानुसार वेगळं करणाऱ्या) कॉलमवर तर ५०-६० किलोडाल्टनच्या गोल प्रथिनासारखं लवकर बाहेर येतं, कारण पसरलेली साखळी जास्त जागा अडवते. त्यावरून 'चार रेणूंचा गट' असा निष्कर्ष काढू नका, वजन मास स्पेक्ट्रोमेट्रीनं किंवा लाइट स्कॅटरिंगनं ठरवा. ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिन फक्त ४, म्हणून २८० चा मोलर शोषणांक ५,९६० च भरतो. नॅनोड्रॉपवर (थेंबभर नमुन्याचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) 'प्रथिन फार कमी आलं' असं दिसतं आणि थोडा डीएनए शिल्लक असला की आकडा खोटा फुगतो. २६० आणि २८० चं गुणोत्तर नेहमी पाहा.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून फुकट मिळते. जीवाणूंचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) ९५ अंशांना १५-२० मिनिटं उकळला की घडीची बहुतेक प्रथिनं गोळा होऊन तळाशी बसतात आणि अल्फा-सिन्युक्लीन पाण्यात राहतं. मग मिलीला १० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट घालून डीएनए पाडायचा, अमोनियम सल्फेटनं प्रथिन खाली आणायचं, आणि अ‍ॅनायन एक्सचेंजवर चढवायचं. समविद्युत बिंदू ४.७ च्या आसपास असल्यानं पीएच ८ ला ते चांगलं बसतं आणि ३०० मिलीमोलरच्या आसपास मिठाला सुटतं. उकळणं लायसिसनंतर लगेच करा. उशीर झाला की प्रोटिएज साखळी कुरतडतात, आणि घडी नसल्यानं त्यांना कुठेही तोंड घालता येतं. जेलवर मुख्य पट्टीखाली फिकट शिडी दिसली तर कारण बहुधा हेच.

तंतू बनण्याचा प्रयोग, म्हणजे तंतूंना चिकटून चमकणाऱ्या थायोफ्लेविन-टी या रंगाचा, याच क्षेत्रातला सर्वांत बदनाम. उत्तेजन ४४० ते ४५० ला, उत्सर्जन ४८२ च्या आसपास, ३७ अंश, सतत हलवणं. तीच प्लेट, तेच प्रथिन, तरी शेजारच्या दोन विहिरींत (प्लेटमधल्या खळग्यांत) सुरुवातीचा विलंब दुपटीनं वेगळा येतो. बहुतेकदा कारण आधीच तयार झालेले सूक्ष्म बीज-तंतू. म्हणून प्रयोगाच्या अगदी आधी १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळून घ्या, किमान पाच-सहा विहिरी एकाच नमुन्याच्या ठेवा, कडेच्या विहिरींत फक्त पाणी भरा आणि वेगवेगळ्या शुद्धीकरणाच्या तीन तरी लॉटवर प्रयोग करा. थायोफ्लेविनचा प्रकाश वाढला म्हणजे तंतू झालेच असं नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र सोबत हवं. एखादं संयुग तंतू 'थांबवतं' असं दिसलं तर आधी ते स्वतःच तो प्रकाश शोषत नाही ना, हे तपासा. हळदीतल्या कर्क्युमिनचे असे कित्येक निष्कर्ष यामुळेच संशयास्पद आहेत. थेंबांच्या प्रयोगांतही तसंच: हेक्सेनडायोल या रसायनानं थेंब विरघळले हा आता पुरावा मानला जात नाही, फ्रॅप (थेंबाचा भाग प्रकाशानं विझवून तो परत किती लवकर चमकतो ते) आणि फेज डायग्राम (कोणत्या परिस्थितीत थेंब होतात त्याचा नकाशा) मागतात.

एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजणारं तंत्र) करणाऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली तर घ्या. बिनघडीच्या प्रथिनांसाठी त्याला तोड नाही. नायट्रोजन-१५ लेबलसाठी एम-९ माध्यमात लिटरला १ ग्रॅम लेबल केलेलं अमोनियम क्लोराइड लागतं, आणि अर्धा मिली ३०० मायक्रोमोलर नमुना म्हणजे २० किलोडाल्टनच्या प्रथिनाचे ३ मिलिग्रॅम. बिनघडीच्या प्रथिनाचे सगळे ठिपके प्रोटॉनच्या ८ ते ८.५ च्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलेले दिसतात, ते तसेच असायला हवेत. पीएच ६ ते ६.५ आणि तापमान १० ते १५ अंश ठेवलं नाही तर पाण्याशी अदलाबदल होऊन निम्मे ठिपके गायब होतात.

पीएच.डी.साठी दोन प्रथिनं धरा. एक जे आधीच कोणीतरी शुद्ध केलेलं आहे, आणि एक जे तुम्हाला खरंच हवं आहे. पहिल्यानं प्रबंध सुरक्षित राहतो. पदवीला पाच ते सहा वर्षं, नंतर पोस्टडॉक तीन ते पाच, म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत वय तिशीच्या पुढे जातं. घरच्यांना हा हिशेब आधीच स्पष्ट सांगा. पोस्टडॉकसाठी पीएच.डी.तलं तंत्र परत करू नका. सीडी-फ्लुओरेसन्सवाल्यानं सिंगल-मॉलिक्यूल किंवा एनएमआर शिकावं, संगणकवाल्यानं ओल्या प्रयोगशाळेत हात घालावा. परत येताना रामानुजन, रामलिंगस्वामी आणि इन्स्पायर फॅकल्टी या फेलोशिप पूल म्हणून उपयोगी पडतात. इन्स्पायरची वयोमर्यादा ३२ आहे, त्यामुळे ती अनेकांची हुकते, पीएच.डी. लांबवण्याची किंमत अशी मोजावी लागते. आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थेत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० पासून, विद्यापीठ-महाविद्यालयात ५७,७०० पासून. संस्थेत पहिली दोन वर्षं उपकरणांच्या निविदा, जीईएम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आणि विद्यार्थी मिळवणं यात जातात. तेव्हा नव्या प्रयोगशाळेचा पहिला प्रकल्प असा आखावा की जो एका एफपीएलसी (प्रथिन शुद्ध करणारं यंत्र) आणि एका फ्लुओरोमीटरवर उभा राहील.

महाविद्यालयातल्या नोकरीबाबत तुमच्या घरचे बहुधा बरोबर घाबरले आहेत. मान्य पदांची भरती वर्षानुवर्षं अडकते आणि तोवर सीएचबीवर, तासिकेच्या दरानं, काढावं लागतं. म्हणून नेटबरोबर महाराष्ट्राची सेटही देऊन ठेवा. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. बी.एड. वाईट नाही, पण ते शाळेचं दार उघडतं, महाविद्यालयाचं नाही, आणि दोन वर्षं घेतं. पगाराचा आधार हवा असेल तर त्याहून जवळचा पर्याय बायोसिमिलर औषधांचा (मूळ जैविक औषधांच्या तोडीच्या प्रतींचा) आहे. पुणे, हैदराबाद, बंगळुरूमधल्या कंपन्यांना प्रतिपिंडांची घडी शाबूत आहे का, कुपीत ते गोळा होतात का, हे तपासणारी माणसं लागतात. सीडी, डीएसएफ (तापवत प्रथिन कधी उलगडतं ते पाहणारं तंत्र), साइझ एक्सक्लूजन आणि आयसीएच क्यू६बीची (जैविक औषधांच्या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची) ओळख एवढ्यावर एम.एस्सी.नंतरही मुलाखतीला बोलावतात. तिथे दोन वर्षं काढून पीएच.डी.ला आलेल्या विद्यार्थ्याला पिपेट धरायला शिकवावं लागत नाही, हे गाइडलाही माहीत असतं. फक्त जेआरएफची वयोमर्यादा त्या दोन वर्षांत ओलांडली जात नाही ना, ते अधिसूचनेत पाहून मगच रुजू व्हा.